शाबासकीने चूल पेटत नाही

जयंतीचे दिवस जवळ आले की आपल्या वस्त्यांतील होतकरू मुलामुलींना उसंत नसते. कोणी रात्र जागून चौकात रांगोळी काढतो, कोणी व्यासपीठामागे लावायचे बाबासाहेबांचे चित्र रंगवतो. कोणी ढोलकी धरतो, कोणी की-बोर्ड. मुली मेंदी काढतात, निळे झेंडे शिवतात, भोजनदानाचा स्वयंपाक उचलतात. एखादा मुलगा सगळ्या मिरवणुकीचे मोबाईलवर चित्रीकरण करून, त्याला गाणे जोडून दुसऱ्या दिवशी घरोघर पोहोचवतो. कार्यक्रम संपताना अध्यक्ष माईकवरून त्यांची नावे घेतात, गुलाबपुष्प देतात, टाळ्या पडतात. आणि पंधरा दिवसांनी त्याच मुलाला तेच अध्यक्ष रस्त्यात गाठून विचारतात, "काय रे, काही कामधंदा बघितलास की नाही?"

वाचक बंधु-भगिनींनो, आजच्या सदरात आम्हास या प्रश्नाविषयीच थोडे बोलायचे आहे. ज्या मुलाने रात्रभर जागून काम केले, त्यालाच आपण कामधंदा विचारतो. कारण त्याने केले ते काम होते हे आपल्या मनाला पटलेलेच नसते. ती त्याची हौस, तो त्याचा छंद! छंदाला शाबासकी द्यायची आणि कामाला पैसा द्यायचा, अशी आपली समजूत. मग छंदातून रोजगार उभा राहावा तरी कसा?

आवडीचे काम करून पोट भरणे ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांची चैन आहे, असे काही जण म्हणतात. आम्हास ते मान्य नाही. उलट आवडीचे काम निवडण्याचा हक्क सर्वात जास्त कोणाकडून हिरावून घेतला गेला असेल, तर तो आपल्याकडून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. माणसाचा कल काय, त्याच्या हातात कोणते कसब आहे, हे ती पाहत नाही. आई-बापाचे काम जन्मतःच मुलाच्या गळ्यात बांधते. अशा नावडत्या कामात माणसाचे मन लागत नाही, हेही त्यांनी तेथेच मांडले. तेव्हा आपला एखादा मुलगा चित्रकलेवर किंवा एखादी मुलगी शिवणावर आपला संसार उभा करते, तेव्हा ती केवळ भाकरीची सोय नसते. जन्माने ठरवलेले काम नाकारून स्वतः निवडलेले काम करण्याची ती गोष्ट असते.

यावर एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. "समाजाच्या कामात पैसे कसले मागता? हे तर धम्मकार्य!" दानाला आमचा विरोध नाही. पण दान देणाऱ्याच्या राजीखुशीने होते. ज्याला कोणी विचारलेच नाही, ज्याला गृहीत धरले, त्याच्याकडून घेतलेल्या श्रमाला दान म्हणता येत नाही. त्याला आपल्या आजा-पणजांच्या भाषेत वेठ म्हणतात. गावकीची कामे फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर करवून घेणाऱ्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. त्यांच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमात तरी गरीब घरातील मुलाची मेहनत फुकट घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे. ज्याला दान द्यायचे आहे त्याच्या हातात आधी मोबदला ठेवा, मग तो त्यातून आपल्या मर्जीने काय द्यायचे ते देईल.

आता हिशेबाकडे वळू. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील विहारात काही मुले अर्ज भरून घ्यायला येतात. त्यांना आम्ही आधी एक चाळीस पानी वही घ्यायला सांगतो. कर्जाच्या अर्जापेक्षा ही वही महत्त्वाची. तिच्यात काय लिहायचे ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, एका मुलाने दोन फूट बाय तीन फूट आकाराचे चित्र रंगवून दिले. कॅनव्हास आणि चौकटीला ७०० रुपये, रंग व ब्रश ४०० रुपये, जाण्या-येण्याचा खर्च १०० रुपये, म्हणजे सामानाचे १,२०० झाले. गिऱ्हाईकाने १,५०० दिले. मुलगा खूष! दीड हजार कमावले असे घरी सांगतो. पण त्याचे तीन दिवस गेले आणि हाती राहिले ३०० रुपये, म्हणजे दिवसाला १००. नाक्यावर उभा राहणारा रंगारी समजा दिवसाला ८०० रुपये घेत असेल, तर आमचा हा कलावंत त्याच्या आठव्या हिश्श्यात राबला. खरा हिशेब असा हवा : सामान १,२००, तीन दिवसांची मजुरी २,४००, आणि मोडतोड, फुकट गेलेला रंग, पुढच्या कामाची तयारी यासाठी साधारण ४००. एकूण ४,०००. हा आकडा मोठा वाटेल, काही गिऱ्हाईके परत जातील, काही घासाघीस करतील. पण आपल्या कामाचा खरा भाव किती हे स्वतःला ठाऊक असलेला मुलगा घासाघीसही नीट करू शकतो. ज्याला भावच ठाऊक नाही, तो फक्त दबतो.

हेच गणित ब्लाऊज शिवणाऱ्या मुलीला, मेंदी काढणाऱ्या मुलीला, ढोलकीवाल्याला लागू आहे. सामान, वेळ, झीज आणि प्रवास या चार गोष्टी वहीत आल्याच पाहिजेत. वेळ लिहायला सगळेच विसरतात, आणि गरिबाकडे भांडवल म्हणून असतो तो वेळच.

आलेल्या पैशाचे काय करावे, याचे मार्गदर्शन तर आपल्याला तथागतांनीच करून ठेवले आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार वाटे करावेत असे सांगितले आहे : एक वाटा उपभोगासाठी, दोन वाटे आपल्या कामधंद्यासाठी, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. ज्या घरात संध्याकाळच्या चुलीचीच भ्रांत आहे, तेथे वाटे असे बरोबर पडणार नाहीत हे आम्ही जाणतो. परंतु पहिल्या कमाईपासून धंद्याचे पैसे निराळ्या पाकिटात ठेवायचे, हा नियम शंभर रुपयांवरही पाळता येतो. अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्तातही उपजीविकेची साधने सांगताना शेती, व्यापार, राजसेवा यांच्या बरोबरीने शिल्प, म्हणजे हातचे कसब, मोजले आहे. तेथे चार गोष्टींवर भर आहे : कामातील उद्योग व कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या मित्रांची संगत आणि आवक पाहून खर्च. यातील चांगला मित्र होणे हेच आपले, म्हणजे कार्यकर्त्यांचे काम.

चांगल्या मित्राने काय करावे? पहिले म्हणजे घाई करू देऊ नये. फोटोग्राफीची आवड असलेला मुलगा एकही गिऱ्हाईक मिळण्याआधी हप्त्यावर महागडा कॅमेरा घेतो आणि आठ महिन्यांत हप्ते थकतात. त्याला सांगावे, "बाळा, पहिली पाच-सहा कामे कॅमेरा भाड्याने आणून कर. पैसे देणारी अनोळखी माणसे मिळाली की मग विकत घे." ओळखीच्यांची वाहवा ही परीक्षा नव्हे. अनोळखी माणूस पैसे मोजून दुसऱ्यांदा आला, तर समजावे की छंदाचा धंदा होऊ शकतो. तोवर हातची नोकरी किंवा शिक्षण सोडू देऊ नये.

दुसरे, कागदपत्रे. जातीचा दाखला, बँकेतील खाते आणि आधार ही पहिली पायरी. १९९० पासून बौद्ध धर्मांतरितांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, तरी दाखला काढण्यात हयगय करणारी घरे अजून आहेत. छोट्या उद्योगाची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशू' गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळण्याची सोय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम, चर्मकाम, टोपल्या विणणे, खेळणी बनवणे अशा १८ कामांसाठी प्रशिक्षण व १५ हजार रुपयांपर्यंतच्या अवजारांची मदत आहे. महाराष्ट्रात १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या अनुदान व बीजभांडवल योजनांच्या रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. आणि मुलाला एकटे पाठवू नये. साहेबाच्या टेबलासमोर पहिल्यांदा उभे राहणाऱ्याबरोबर एक जाणता माणूस असला, की निम्मे काम होते. दलालाला टक्केवारी देऊन आणलेले कर्ज फेडताना मात्र कोणी दलाल सोबत येत नाही.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. बाजारालाही जात असते. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर खुद्द बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. त्यांची जात कळल्यावर गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. आज डबा देणाऱ्या आपल्या मुलीला आधी आडनाव विचारणारी माणसे भेटतातच. यावर उपाय दोन : काम इतके चोख की नाकारणाऱ्याचेच नुकसान व्हावे, आणि सुरुवातीची गिऱ्हाईके आपण स्वतः व्हावे. धारावीत सुधीर राजभर या चित्रकाराने स्थानिक चर्मकारांना सोबत घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या बनवण्याचे काम उभारले आणि त्याला मुद्दाम 'चमार स्टुडिओ' असे नाव दिले. शिवी म्हणून वापरलेला शब्द त्यांनी मालावर अभिमानाने मिरवला. एकतारी घेऊन दारोदार भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाईलवरून महाराष्ट्रभर पोहोचला. अशी नावे आपण कौतुकाने घेतो. पण आपल्याच गल्लीतील गायिकेला कार्यक्रमाला बोलावताना तिचे मानधन किती, हे आधी विचारतो का?

मुलींविषयी दोन शब्द. मुलाचा छंद घरात निदान दिसतो तरी. मुलीने चार बायकांचे कपडे शिवले तर ते 'घरबसल्या जमते' म्हणून कोणी मोजत नाही, आणि आलेले पैसे किराणात विरून जातात. माता-भगिनींनो, मुलीची वही वेगळी असू द्या, खाते तिच्या नावाचे असू द्या, आणि शिवणाच्या वेळी तिला पाण्याच्या हंड्यासाठी उठवू नका.

शेवटी विहार समित्या, जयंती मंडळे व महिला मंडळांना आमची विनंती. मंडप, ध्वनिक्षेपक आणि रोषणाईचे बिल आपण न कुरकुरता देतो. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवा : 'स्थानिक कलावंतांचे मानधन'. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरवून, पावती घेऊन, शक्यतो त्याच्या खात्यात द्या. ती पावती त्या मुलाच्या आयुष्यातील पहिले बिल ठरेल. पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवता येईल, बँकेच्या साहेबासमोर ठेवता येईल. गुलाबपुष्पही जरूर द्या. पण पाकीट आधी.

जयभीम!