दारापासूनची वाट

बिऱ्हाड करावयाचे ठरले म्हणजे घरात प्रथम भाडे, पाणी आणि खोल्या यांची चर्चा होते. दारापासून शाळेपर्यंतची वाट कशी आहे, हा प्रश्न बहुधा सामान लागल्यावरच निघतो. वस्तुतः ज्या कुटुंबात शाळकरी मुले आहेत आणि घरात सायकल आहे, त्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा. भिंतीला रंग देता येतो, एका खोलीच्या पडदा लावून दोन करता येतात. दारासमोरचा रस्ता मात्र बदलता येत नाही.

नोकरीनिमित्त तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हा प्रदेश मराठी माणसास सर्वस्वी परका नाही. तंजावरास व्यंकोजीराजांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत होती. १७९८ मध्ये पदच्युत झालेले अमरसिंहराजे कुंभकोणम् जवळील तिरुविडैमरुदूर येथेच येऊन राहिले. उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार अशा दोन नद्यांमधील ही भूमी सपाट आहे. येथे घाट नाही, दम लागेल असा चढ नाही. ताशी बारा किलोमीटरच्या बेताच्या वेगाने निघाले तरी चार किलोमीटरांवरचे दारासुरम वीस मिनिटांत येते. दुसऱ्या राजराज चोळाच्या काळी, बाराव्या शतकात उभे राहिलेले तेथील ऐरावतेश्वराचे मंदिर २००४ पासून जागतिक वारसा म्हणून गणले जाते. कांस्यमूर्ती घडविणाऱ्या स्थपतींचे स्वामिमलै हेही सुट्टीच्या सकाळी सहज जाऊन येण्यासारखे आहे.

परंतु भूमी सपाट म्हणून वाट निर्धोक, असे समजू नये. तंजावर आणि मयिलाडुतुरै यांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर बसगाड्यांची वर्दळ असते. कालव्यांच्या काठच्या वाटा शांत असतात. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत कच्च्या बांधावर चिखल होतो आणि दिवेलागणीनंतर तेथे अंधार असतो. म्हणून घर पसंत करण्यापूर्वी दारापासूनची वाट तीन वेळा पाहावी : शाळेच्या वेळी, सांजावल्यावर, आणि साधल्यास पाऊस पडून गेल्यावर. शक्य तर स्वतः सायकलवरूनच जावे.

समजा, दोन घरे समोर आहेत. एक हमरस्त्यालगतचे, प्रशस्त आणि स्वस्त. दुसरे गल्लीतले, एका खोलीने लहान. परंतु तेथून हमरस्ता न ओलांडता शाळेत जाता येते. हिशेबाच्या वहीत पहिले घर सरस ठरेल. पण तेथून मुलीला एकटीने जाता येत नसेल, तर रोज कुणीतरी सोबत गेले पाहिजे. ज्या दिवशी कुणास सवड नाही, त्या दिवशी तिची शाळा बुडेल. असे दिवस वाढले म्हणजे ‘आता पुढे शिकून काय करायचे?’ अशी भाषा घरात सुरू होते. भाड्यात वाचलेल्या रुपयांची ही किंमत वहीत कोठेच लिहिलेली नसते.

याच्या उलट घडलेली गोष्ट शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील आहे. १९९१ मध्ये जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या कारकिर्दीत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर सायकल शिकण्याची मोहीम झाली आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. पाण्याला, बाजाराला, कामाला जाण्यासाठी त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना. पुढे तमिळनाडू शासनाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देण्याची योजनाही राबविली. सायकल अशा रीतीने घरी येऊ शकते. तिच्यासाठी चांगली वाट निवडणे हे मात्र कुटुंबाचेच काम राहते.

घरातही दोन गोष्टी पाहाव्यात. सायकल रात्री कुलूप लावून ठेवण्यास आडोशाची जागा हवी. जिना चढून ती उचलावी लागत असेल, तर आठवड्याभरात ती कोपऱ्यात धूळ खात पडते. दोन पायऱ्यांवर मात्र लाकडी फळी टाकून भागते. आणि हवा भरणारे, पंक्चर काढणारे दुकान हाकेच्या अंतरावर असावे.

घराचा शेवटचा निर्णय घेण्याआधी मुलीला विचारावे, “या वाटेने तू एकटी जाशील का?” तिचे उत्तर भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे मानावे.