बोंबलाचे बदक कोणी केले?

गेल्या रविवारी बेंगळुरूहून भाचीचा फोन आला. "मामा, तू मला तोंडघशी पाडलंस!"

झाले असे. आईने पाठवलेला सुक्या बोंबलांचा डबा तिने खोलीत उघडला. मैत्रिणींनी नाके दाबली, तेव्हा सारवासारव म्हणून ती इंग्रजीत म्हणाली, "हे बॉम्बे डक." आणि लहानपणी मीच सांगितलेली गोष्ट तिने ऐकवली. इंग्रजांच्या काळात सुके बोंबील टपालगाडीतून कलकत्त्याला जायचे, गाडीभर वास सुटायचा, म्हणून 'बॉम्बे डाक', त्याचे झाले 'डक'. बंगाली मैत्रिणीने शांतपणे विचारले, "गाडी सुरू कधी झाली?"

मी कपाळावर हात मारला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 1853 मध्ये. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला तो 1870 मध्ये. आणि 'बॉम्बे डक' हे नाव छापील पुस्तकात 1829 मध्येच सापडते! जी गाडी नव्हतीच, तिच्या वासावरून नाव पडेल कसे?

खरा पुरावा त्याहून जुना आहे. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात मुंबईत होता. माझगाव हे कोळ्यांचे मोठे गाव असून तिथला 'बंबेलो' मासा गरिबांचे अन्न आहे, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे साहेबाने आपल्या 'बोंबील'चाच उच्चार जमेल तसा केला. गुजरातीत तोच 'बुमला'. इथे बडोद्यात आपण तो रोज ऐकतो.

पुढची गंमत तर झकासच. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नोंद आहे की मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाच थट्टेने 'डक्स' म्हणत, आणि ते या माशाच्या नावावरूनच आले असावे. मद्रासवाल्यांना मुळगातन्नीवरून 'मल्स', तर बंगालवाल्यांना 'कोई है?' अशा हाका मारण्यावरून 'क्वी-हाय'. म्हणजे बोंबलाने साहेबाचे नाव घेतले नाही, साहेबालाच बोंबलाचे नाव चिकटले!

हे सगळे भाचीला सांगितले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मामा, खरं सांगू? मला बोंबील म्हणायची लाज वाटली होती."

लाज मलाही वाटली. आमच्या सोसायटीत बोंबील भाजताना मीच खिडक्या लावून घेतो आणि कोणी विचारले तर 'बॉम्बे डक' म्हणून हसून वेळ मारून नेतो. मुले आपले बोलणे ऐकतात तसे आपले लपवणेही पाहतात.

त्या बंगाली मैत्रिणीने मग काय केले, ठाऊक आहे? "आमच्याकडे याला लोटे म्हणतात," म्हणत तिने डब्यातले चार बोंबील उचलले आणि कांदा-मिरची घालून परतले. डबा त्याच रात्री संपला.

काल दुसरा डबा कुरियरने पाठवला. आत काय आहे, असे दुकानदाराने विचारले. "बोंबील," मी म्हणालो. "बुमला? तर मग प्लास्टिकची आणखी एक पिशवी घाला," तो म्हणाला.