नाव जर्मन आहे हो, पण इंजिन कोणतं?

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. "भाऊ, गाडीतला पिवळा दिवा विझूनच नाही राह्यला. काय करू?"

त्याची जमीन समृद्धी महामार्गात गेली. आलेल्या पैशातून घर झालं, पोरीचं लग्न झालं, आणि उरलेल्यातून त्यानं एक जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान घेतली. २०१४ ची, डिझेल, दिल्लीहून आलेली. साडेनऊ लाखात. कंपनीचं नाव मी घेत नाही, विकणाऱ्याचंही नाही. दोष एकाचा नाही म्हणून.

नागपूरच्या एका गॅरेजनं खर्च सांगितला सव्वादोन लाख. किन्हीराजात ही बातमी माझ्याआधी पोचली, आणि चौकात एकच वाक्य ऐकू आलं: "खेड्यातल्या माणसाले कायले पाह्यजे एवढी गाडी?"

या वाक्याचा मला राग येतो. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर कौतुकाच्या बातम्या झाल्या. उद्योजकानं घेतली की जिद्द, आणि ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्यानं त्याच रस्त्यावर चालवायला जुनी गाडी घेतली की माज? पैसा त्याचा, हौस त्याची. चूक हौसेत नव्हती. चूक झाली ती एका प्रश्नात, जो त्यानं विचारला नाही आणि त्याला कुणी सांगितलाही नाही. गाडीत इंजिन कोणतं आहे?

मी पत्रकार आहे, मेकॅनिक नाही. पण या निमित्तानं काही दिवस मिस्त्री, आरटीओतले ओळखीचे आणि गाड्यांची माहितीपत्रकं यांच्या मागं फिरलो. जे कळलं ते लिहितो, कारण शेलूबाजार, मालेगाव, कारंजा या पट्ट्यात अशा गाड्या आता जागोजागी दिसतात.

आधी डिझेल. आपल्याकडं एकच मंत्र आहे: "डिझेलच घे, एव्हरेज देते." ट्रॅक्टरसाठी, जुन्या जीपसाठी तो खरा होता. आजच्या डिझेल सेडानमध्ये धूर अडवायला काजळीचा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात काजळी साचते. गाडी सलग वेगात चालली की एक्झॉस्ट तापतो, इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं आणि काजळी आतल्या आत जळून जाते. पण गाडी घर ते शेत, शेत ते बसस्टँड, घर अशीच फिरली तर ही जळण्याची क्रिया अर्धवट राहते. फिल्टर चोंदतो, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. भावाच्या गाडीला नेमकं हेच झालं. तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी त्यानं लांब पल्ल्याचं यंत्र घेतलं होतं. गावातल्या एका मिस्त्रीनं सुचवलं, "जाळी काढून फेका." तसं करणं कायद्यात बसत नाही, आणि तो धूर शेवटी आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

मग ही डिझेल गाडी इतकी स्वस्त का मिळाली? त्याचं उत्तर दिल्लीत आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं मालकांना दिलासा दिला, पण तोवर दहा वर्षं दिल्लीतून उतरत्या वयाच्या डिझेल गाड्या देशभर पांगत राहिल्या होत्या. राजधानीला नको असलेला धूर आकांक्षित जिल्ह्यात पाठवायचा, हे धोरण कुणी कागदावर लिहिलं नाही. पण झालं तेच.

आता नावाचा भ्रम. डिकीवर ३२०डी लिहिलंय म्हणजे सगळ्या ३२०डी सारख्या, असं लोक धरून चालतात. तसं नाही. २०१२ ला भारतात आलेल्या बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ३२०डीमध्ये एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन होतं. या एन४७ ची टायमिंग चेन जगभर बदनाम आहे, विशेषतः २०११ च्या आधीच्या इंजिनांत. ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, मागं बसवलेली आहे. म्हणजे चेन बदलायची तर आधी बाकीचा डोंगर उतरवावा लागतो. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन संपतं. पुढं २०१५-१६ च्या बदलानंतर बी४७ हे नवं डिझेल आलं, ते या बाबतीत बरंच बरं मानलं जातं. गाडी बाहेरून जवळपास तीच, पण आतलं काळीज वेगळं.

पेट्रोलचंही तसंच. त्याच काळातल्या ३२८आय मधलं एन२० जोरदार खरं, पण त्याच्या चेनचे प्लॅस्टिकचे गाइड झिजतात आणि तुकडे ऑइलच्या तळात जाऊन बसतात. त्यानंतरचं बी४८ जास्त भरवशाचं. ऑडी ए४ च्या २०१२ च्या आसपासच्या टर्बो पेट्रोल इंजिनांवर ऑइल पिण्याची तक्रार आहे, कारण पिस्टनच्या रिंगा. अशा गाडीत हजार किलोमीटरला किती ऑइल घालावं लागतं हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

यातल्या बऱ्याच दुखण्यांना ऑइलचा उशीरही खतपाणी घालतो. युरोपात २५-३० हजार किलोमीटरला ऑइल बदलायची सवय लावली गेली. आपली धूळ, आपला मे महिना, आपली थांबत थांबत चालणारी गाडी यांना ते परवडत नाही. इथं दहा हजाराला ऑइल बदललंय असं बिलांवर दिसत असेल, तर ती गाडी दोन वर्षं जुनी असली तरी घ्या. बिलंच नसतील, तर चकाकीवर जाऊ नका.

"मग पेट्रोल घ्यावं?" भावाचा हाच प्रश्न होता. इथं सरकार आडवं येतं.

२०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. मूळ मुदत २०३० ची होती, ती अलीकडं ओढली. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या इंधनाला चालतील अशा सामानाच्या बनू लागल्या. पण २०१३ ची, २०१६ ची गाडी? टाकीच्या झाकणाच्या आत चालणारं इंधन लिहिलेलं असतं, आणि जुन्या अनेक युरोपीय गाड्यांवर ती मर्यादा ई१० आहे. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात अशा चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता, म्हणजे सरकारला माहीत होतं. इथेनॉल ओलावाही ओढतं, त्यामुळं महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते जास्त त्रास देतं. ई२० शिवायचं पेट्रोलही मिळावं म्हणून काही लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली. आपल्या पंपावर निवडायला दुसरी नळीच नाही.

"इथेनॉलनं शेतकऱ्याचं भलं होते ना?" असं कुणी म्हणेल. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याचं थोडं झालंही असेल. पण आपला वाशीम जिल्हा सोयाबीनचा. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो पशुखाद्यात स्वस्तात जातो, आणि सोयापेंडीची मागणी खातो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजार समितीत किती मिळाले ते तुम्ही मला सांगा. म्हणजे त्या एका धोरणानं इथल्या माणसाचं सोयाबीनही पडलं आणि त्याच्या जुन्या गाडीची पेट्रोलची नळीही धोक्यात आली. टाळ्या मात्र आपणच वाजवायच्या.

तरी निवड करावी लागतेच. माझं मत स्पष्ट आहे. आठवड्यातून एकदोनदा समृद्धीवरून नागपूर किंवा संभाजीनगर होत असेल, तर डिझेल, तेही बी४७ च्या पिढीचं. गाडी गावातच फिरणार, सणावाराला बाहेर निघणार असेल, तर पेट्रोल, बी४८ च्या पिढीचं. टाकी भरलेली ठेवा आणि फार दिवस उभी करू नका. दोन्हीपैकी जुन्या पिढीचं इंजिन घ्यायचंच असेल, तर चेन बदलल्याचं बिल हातात घेऊन घ्या. एव्हरेज शेवटी पाहा. लिटरमागं तीनचार किलोमीटरनं वाचलेले पैसे एका इंजेक्टरमध्ये जातात.

बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा, गाडी आधी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा, थंड पाहिजे. पहिल्या स्टार्टला दोन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज आला तर परत फिरा. सतरा अंकी चेसिस नंबर घ्या, त्यावरून इंजिन कोणतं ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळतं. स्कॅनर लावा, मीटर मागं केलेलं असेल तर गाडीच्या दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरमध्ये खरा आकडा कधी कधी सापडतो. परराज्यातली असेल तर एनओसी आणि इथला कर आधी विचारा. आपल्या राज्यात डिझेलचा एकरकमी कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. आणि गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवा. नसेल, तर अजून वर्षभर थांबा.

पण हे सगळं खरेदीदारानंच का करायचं? माझं भांडण इथं आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती आली, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. छान. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. गावाकडं येणारी जर्मन गाडी आठ, दहा, बारा वर्षांची असते. म्हणजे ज्या वयात इंजिनाची दुखणी बाहेर येतात, त्या वयात कायदा हात वर करतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची मान्यता आणि गाडी कुठं फिरवली याची नोंदवही सक्तीची झाली. गाडी कुठं गेली ते लिहायचं, इंजिन कसं आहे ते लिहायची सक्ती नाही!

फोक्सवॅगन समूहाचं प्रकरण आठवा. पुण्याच्या एआरएआयनं चाचण्या घेतल्या, डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या परत बोलावल्या, त्यात ऑडीही होत्या. मार्च २०१९ मध्ये हरित लवादानं ५०० कोटींचा दंड लावला, पुढं सर्वोच्च न्यायालयानं कंपनीवर सक्तीची कारवाई थांबवली. आज त्यातली एखादी गाडी तुम्ही घेतली, तर तिची दुरुस्ती झाली होती की नाही हे आरसी बुकावर कुठं दिसतं? दक्षिण कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटू लागल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावरून उतरवायचे आदेश दिले. सरकारनं मनावर घेतलं तर होतं.

मागणी साधी आहे. मालकी बदलाच्या अर्जासोबत एक पान जोडा: इंजिनचा प्रकार, रिकॉलची दुरुस्ती झाली की नाही, सर्व्हिसच्या नोंदी, चालणारं इंधन. खाली विकणाऱ्याची सही. खोटं निघालं तर पैसे परत. आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, आणि लपवलेली खोड निघाली तर चार माणसांत जाब विचारतो. दहा लाखांच्या गाडीला तेवढाही न्याय नाही.

भावाला म्हटलं, फिल्टर दुरुस्त कर, ऑइल बदल, आणि दर रविवारी गाडी समृद्धीवर तासभर चालव. तो हसला. "म्हणजे भाऊ, माह्या वावरावरूनच फिरून या लागते!"

हसलो मीही. पण त्या वावराच्या पैशाची गाडी घेताना त्याला खरं सांगणारं एक पान तरी हातात असायला हवं होतं. पटलं तर पुढं पाठवा, आणि गावात कुणी जर्मन गाडी बघायला निघालं असेल तर त्याला आजच दाखवा.