शेजाऱ्याच्या झोपेचा जमाखर्च

भिंतीला भिंत लागून बंगले असलेल्या वस्तीत परसात चार कोंबड्या पाळण्याची हौस गैर म्हणता येणार नाही. परंतु तिच्या हिशेबात अंडी मालकाच्या जमेस पडतात, गलका मात्र शेजाऱ्याच्या खर्ची पडतो. करणाऱ्याच्या वहीत न उमटणाऱ्या अशा खर्चाचे विवेचन पिगू यांनी 1920 साली केले. परसातील खुराडे हे त्याचेच घरगुती उदाहरण होय.

यावरचा पहिला उपाय बिनखर्ची आहे. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. तो लागतो केवळ पिलांसाठी. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातली असली, तरी कोंबडा काही घड्याळ पाहून आरवत नाही. तेव्हा तो ठेवूच नये.

दुसरा प्रश्न जातीचा. अंडे घातल्यावर प्रत्येक कोंबडी थोडाफार कलकलाट करतेच. परंतु स्वभाव जातीपरत्वे बदलतो. पांढरी लेगहॉर्न वर्षाकाठी अडीचशेहून अधिक अंडी देते, पण ती बुजरी व चटकन बिथरणारी. उलट, विल्यम कुक यांनी 1886 च्या सुमारास इंग्लंडात निपजवलेली ऑर्पिंग्टन किंवा पायांवर पिसे असलेली कोचीन या भारी अंगाच्या जाती शांत असतात. मात्र त्यांची अंडी कमी, आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना सावली व गार पाणी अधिक लागते.

ही कमी पडलेली अंडी म्हणजेच शेजाऱ्याच्या शांततेची किंमत होय. ती मालकानेच भरणे न्याय्य आहे. आणि तंटा-तक्रारींच्या तुलनेत ती स्वस्तही आहे.