खालचा बाण

अंबरनाथला लोकल पकडली की कल्याणपर्यंत मी स्टॅक ओव्हरफ्लो चाळतो. तिथं उत्तर चुकीचं वाटलं तर खालचा बाण दाबता येतो. लिहिणाऱ्याचे २ गुण जातात, दाबणाऱ्याचाही १. नकाराची किंमत आपणही मोजायची, हे रास्तच. उत्तराखालच्या टिप्पणीला मात्र फक्त वरचा बाण. चुकीच्या टिप्पणीला बारा जणांनी दाद दिली की नवखा ती खरी मानतो. न पटलेले कितीही असोत, ते मोजलेच जात नाहीत.

‘न पटल्यास लिहून सांगा,’ असं म्हणतात. लिहायला वेळ लागतो, धीर लागतो; वाहवा करायला एक बोट पुरतं. हा तराजू मुळातच झुकलेला आहे.

२०१३ साली मतदानयंत्रावर ‘नोटा’ आला, पण त्याला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालचा उमेदवारच जिंकायचा. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य निवडणूक आयोगानं पालिका निवडणुकांत अशा जागी फेरनिवडणुकीचा नियम केला. उल्हासनगर महापालिका असो की अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका, नकाराला वजन आलं.

टिप्पणीलाही खालचा बाण द्या, हवा तर माझा १ गुण कापा. नकार मोजायचाच नसेल, तर होकाराचा आकडा तरी कशाला मिरवता?