गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी आणि आपल्या तोडणी टोळ्या



या पानावर शेतकी खात्याकडून आपण बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट असल्या गोष्टी वाचत आला आहात. या अंकात आम्ही माणसांवर, खरे म्हणजे बायांवर, झालेल्या एका चाचणीबद्दल लिहीत आहोत. हे ऊस विकास अधिकाऱ्याचे काम नव्हे असे काहींना वाटेल. परंतु चाचणी म्हणजे काय हे डॉक्टरांच्या खालोखाल कुणाला कळत असेल तर ते ऊसवाल्याला, आणि ज्या बायांच्या हिताची ही गोष्ट आहे त्या दर हंगामात आपल्याच फडात कोयता चालवतात.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर नवीन वाण तपासताना त्याच्या शेजारी जुना, माहितीतला वाण लावतात. को ८६०३२ शेजारी नसता तर फुले २६५ चे वजन कशाशी ताडून बघायचे? शिवाय कोणत्या वाफ्यात काय लावायचे हे चिठ्ठी टाकून ठरवतात, म्हणजे आपल्या आवडत्या वाणाला भारी जमीन देण्याची लबाडी चालत नाही. खताच्या प्रयोगात एक पट्टा बिनखताचा ठेवतात. तो पट्टा पिवळा पडला तरी चालते, कारण त्याच्यामुळेच खताची किंमत कळते. औषधोपचाराच्या चाचण्याही याच पायावर उभ्या असतात. फरक एवढाच की तिथे पट्ट्यात ऊस नसतो, माणसे असतात. त्या फरकाकडे पुढे येऊ.

१९९९ च्या ऑक्टोबरात त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यांचे ५२ गट पाडून चिठ्ठी टाकण्यात आली. मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले. डॉ. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया यात होत्या. एका भागातील बायांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या भागात पेशींची काच तपासली, तिसऱ्या भागात सौम्य व्हिनेगर लावून परिचारिकेने डोळ्यांनी पाहिले. चौथ्या भागात आरोग्याची माहिती दिली, तपासणी केली नाही. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच झाली आणि पुढे सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले.

एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. काच तपासण्याने किंवा एकदाच व्हिनेगर लावून पाहण्याने मात्र मृत्यूंत भरवशाची घट दिसली नाही. एवढा मोठा निकाल न्यूयॉर्क-लंडनच्या बायांवरून नव्हे, तर तुळजापूर-परांड्याकडच्या कोरडवाहू मुलखातल्या बायांवरून जगाला मिळाला. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणी पहिल्या पसंतीची ठरवली. सर्वसाधारण बाईला तिसाव्या वर्षापासून पाच ते दहा वर्षांनी ती केली तरी पुरते, असे सांगितले. त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या या बायांचा वाटा मोठा आहे.

आता त्या ६४ बायांबद्दल. तपासणीने उपयोग होतो हे इतर देशांत आधीच माहीत असताना एका गटाला ती न देता आठ वर्षे बघत राहणे योग्य होते काय, असा आक्षेप आपल्या देशातील आणि बाहेरील जाणकारांनी घेतला. चाचणी करणाऱ्यांचे म्हणणे असे की त्या काळी त्या खेड्यांत तशीही कुठलीच तपासणी नव्हती, त्यामुळे कुणाचे काही हिरावून घेतले नाही. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. गरिबाच्या दारी काहीच नाही, हीच गोष्ट त्याला बिनखताच्या पट्ट्यात ठेवण्याची परवानगी कशी होईल? परंतु त्याच वेळी हेही खरे की तो आकडा मिळाला नसता तर कोणत्या तपासणीवर पैसा घालावा याचा वाद अजून मिटला नसता. दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात. आणि ज्यांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले त्यांच्यासारख्या बायांच्या दारी ते अजून पोचलेले नसेल, तर हा आक्षेप दुप्पट होतो.

ते पोचलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांमध्ये अशी कुठलीही तपासणी कधी झालेल्या जेमतेम दोन निघाल्या.

त्याऐवजी आपल्या धंद्यात काय पोचले आहे ते सांगतो. ‘पिशवी काढणे’. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. देशाचे प्रमाण १५ ते ४९ वयात शंभरात तीनच्या आसपास आहे. आपल्याकडे येणाऱ्या टोळ्यांतील बायांकडूनही आम्ही हेच ऐकतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि “पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल” असे ऐकून येते. मग मुकादमाकडून उचल, त्या उचलीवर ऑपरेशन, ऑपरेशनच्या उचलीपोटी पुढचे दोन हंगाम तोडणी. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी भागते. पिशवीबरोबर बीजांडेही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, आणि त्याच बाईला मोळी डोक्यावर घ्यायची असते.

कर्करोगाची भीती खोटी नाही, पण ती विकली जात आहे. तिच्यावर उतारा म्हणजे तपासणी. एचपीव्ही हा पुष्कळ बायांना कधी ना कधी होणारा संसर्ग आहे आणि बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. थोड्या जणींत टिकतो आणि त्याचा कर्करोग व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत बिघडलेला भाग दवाखान्यात गोठवून किंवा शेकून काढता येतो. पिशवी जागेवर राहते. उस्मानाबादेत शंभरातल्या सुमारे दहा बायांच्या तपासणीत विषाणू आढळला. आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, पुढे नीट बघायला हवे एवढेच. उरलेल्या नव्वद जणींना “तुला काही झालेले नाही, पिशवी काढायला कुणी सांगितले तर ऐकू नको” हे छापील कागदावर देता येईल. आमच्या मते त्या कागदाची किंमत ऑपरेशनच्या उचलीपेक्षा जास्त आहे.

“सरकारी दवाखान्यात व्हिनेगरची तपासणी होतेच की,” असे कुणी म्हणेल. होते, आणि ती वाईट नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा केंद्रानेच दीड लाख बायांवर १९९८ पासून तिची चाचणी घेतली. दहावी शिकलेल्या महिला कार्यकर्त्यांनी तपासणी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू शंभरी एकतीसने कमी झाले. पण तिथे त्याच बाईला दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासले. आपली टोळीतली बाई दर दोन वर्षांनी कुठे सापडणार? अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दिवाळीनंतर निघाली की एका वर्षी आपल्याकडे, दुसऱ्या वर्षी बारडोलीला, तिसऱ्या वर्षी मढीला. जी एकदाच हाती लागते तिला एकदाच करून भागणारी तपासणी हवी. शिवाय एचपीव्हीचा नमुना बाईला कोपीत स्वतःच्या हाताने घेता येतो, त्यामुळे लाज आड येत नाही आणि खाडाही पडत नाही. क्षयरोगासाठी सरकारी दवाखान्यांत आलेल्या ट्रूनॅट यंत्रावर करता येणारी एचपीव्ही चाचणीही आता आपल्या देशात तयार झाली आहे.

अडचण नमुना घेण्यात नाही. निकाल येईपर्यंत बाई पुढच्या गावच्या फडात गेलेली असते, तिला शोधायचे कुणी? आरोग्य खात्याकडे तिचा पत्ता नसतो, मुकादमाला गरज नसते. पण कोणती टोळी आज कुणाच्या गटात, कोणत्या फडात आहे हे रोज संध्याकाळी कोणाच्या वहीत लिहिलेले असते? शेतकी खात्याच्या. स्लिपेशिवाय ऊस वजनकाट्यावर चढत नाही. जी वही उसासाठी ठेवतो तीच बाईचा निकाल तिच्यापर्यंत नेऊ शकते. या एका गोष्टीमुळे हे काम कारखान्याचे ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेळ मात्र साधावी लागेल. नमुने गळीत सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात घ्यावेत. म्हणजे पौषापर्यंत निकाल हाती येतील आणि ज्यांना उपचार लागेल त्यांचा तो पट्टा पडण्यापूर्वी पुरा होईल. फेब्रुवारीत शिबिर भरवून फोटो काढले तर निकाल येईपर्यंत टोळ्या पाड्यावर गेलेल्या असतील. उपचाराला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा खाडा कारखान्याने भरावा. हजार बायांमागे शंभर जणींना पुन्हा बोलवावे लागेल असे धरले तर ही रक्कम एखाद्या चर्चासत्राच्या जेवणावळीपेक्षा जास्त होणार नाही.

काही सभासद विचारतील, “आमच्या ऊसबिलातून परक्यांच्या बायांची तपासणी कशाला?” एक तर सगळ्या परक्या नाहीत. शहादा, तळोदा, नवापूरच्या कितीतरी घरांतल्या बाया शेजारच्या राज्यात तोडणीला जातात. दुसरे, आपल्या स्वतःच्या घरातल्या चाळिशीच्या बाईची तरी ही तपासणी कुठे झाली आहे? तिच्यासाठीही गटकार्यालयात सोय व्हावी. विषाणू सभासद आणि बिगरसभासद पाहत नाही.

लेकींचीही बाब आहे. बार्शी आणि पुणे धरून देशातील नऊ ठिकाणी २००९ साली एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना सुरू झाली. २०१० साली सरकारने ती मधेच थांबवली, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर एक डोसही जवळपास तितकेच संरक्षण देतो असे २०२१ मध्ये जाहीर झाले. आता जगभर एका डोसाचा विचार होतो तो यामुळेही.

थांबवण्याचे कारण दुसरेच होते. आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत वेगळ्या प्रकल्पात लस दिलेल्या काही मुली दगावल्या. चौकशीत मृत्यू लशीमुळे झाल्याचे आढळले नाही. पण आदिवासी वसतिगृहांतील मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या सह्या निघाल्या आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. आश्रमशाळांच्या आपल्या जिल्ह्याने हे विसरू नये.

कारण चाचण्या आपल्याकडेही येतील, आणि याव्यात. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भिल्ल, पावरा घरांतील सिकलसेलचे दुखणे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध अमेरिकेतील २९९ रुग्णांच्या चाचणीतून १९९५ साली सिद्ध झाले. सातपुड्यातल्या रोग्याला किती मात्रा मानवते हे सातपुड्यातच तपासलेले बरे. मात्र तपासणारे आले की आपण विचारावे: संमती भिलोरी-पावरीत समजावून घेतली काय? बिनखताच्या पट्ट्यात कोणाला ठेवणार, आणि त्यांना नंतर काय देणार? निकाल इथे येऊन सांगणार, की परस्पर छापणार? पाडेगावचे शास्त्रज्ञ ज्याच्या शेतात प्रयोग घेतात त्याला वजन सांगितल्याशिवाय जात नाहीत.

तूर्त आपल्या हातातले काम तपासणीचे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून ज्यांची संमती असेल त्यांनी आपल्या गटकार्यालयात लेखी सूचना द्यावी. घरातील ३० वर्षांवरील बायांची नोंदही तिथेच करता येईल. टोळ्यांची गटवार यादी आम्ही ऑक्टोबरअखेर तयार ठेवू. तपासणी कोणाची झाली आणि निकाल काय आला हे फक्त परिचारिकेकडे राहावे. स्लिपबॉयला टोळीचा नंबर आणि फडाचे नाव एवढेच कळावे, ही अट आम्ही आत्ताच लिहून ठेवतो.