विश्लेषण : म्युनिकमध्ये प्रवेश मिळाला, पण राहायचे कुठे?

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४९ हजार होती. पुण्या-मुंबईतून जाणाऱ्या मुलांची तयारी ठरलेल्या क्रमाने होते : जर्मन भाषेचे वर्ग, कागदपत्रांची ‘एपीएस’ पडताळणी, प्रवेशपत्र, व्हिसा. मुलगा किंवा मुलगी विमानात बसली की काम झाले, असा घरच्यांचा समज असतो. म्युनिकसारख्या शहरात मात्र खरी धावपळ उतरल्यावर सुरू होते आणि ती एकाच गोष्टीभोवती फिरते. ती गोष्ट म्हणजे सरकारदरबारी नोंदवता येईल असा पत्ता.

पत्त्याला एवढे महत्त्व का?

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याचे सही केलेले पत्र लागते. नुसता भाडेकरार चालत नाही. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने घरी येतो आणि अर्धवेळ नोकरीत तो मागितला जातो. बँक खाते आणि निवास परवान्याच्या कामांतही नोंदणीचा कागद लागतो. टपालपेटीवर विद्यार्थ्याचे नाव चिकटवलेले नसेल, तर पत्र आल्या वाटेने परत जाते. ईमेल आणि ओटीपीची सवय असलेल्या पिढीला इथे पोस्टमनची वाट पाहायला शिकावे लागते.

म्युनिकमध्ये खोली मिळणे इतके अवघड का?

विद्यार्थी वसतिगृहांतील खोल्या स्वस्त असतात, पण प्रतीक्षायादी अनेकदा एकाहून अधिक सत्रांची असते. फ्रायमान भागातील ‘श्टुडेंटेनश्टाट’ या मोठ्या विद्यार्थी वसाहतीत २०२१मध्ये आग लागली. त्यानंतर तेथील शेकडो खोल्या दुरुस्तीसाठी बंद राहिल्या आणि टंचाई आणखी वाढली. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे नवे विद्यार्थी सप्टेंबरच्या अखेरीस शहरात पोहोचतात. नेमका तोच काळ ऑक्टोबरफेस्टचा. नाव ऑक्टोबरचे असले, तरी हा उत्सव सप्टेंबरच्या मध्यानंतरच सुरू होतो आणि त्या दिवसांत हॉटेल-हॉस्टेलचे दर गगनाला भिडतात. ‘आठवडाभर हॉटेलात राहू, मग घर शोधू’ हा बेत इथेच कोलमडतो.

ब्लॉक्ड अकाउंटमधील पैसे पुरत नाहीत का?

व्हिसासाठी बहुतेक विद्यार्थी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे ठेवतात. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. हा आकडा देशभर एकच. घरभाडे मात्र शहरागणिक वेगळे. म्युनिकमध्ये सामायिक घरातील एका खोलीचे भाडे सरासरी ८०० युरोंच्या घरात आहे. तिशीच्या आतील विद्यार्थ्याचा सक्तीचा आरोग्य विमा साधारण १४० ते १५० युरो. हे दोन खर्च वजा केल्यावर जेवणखाण, प्रवास आणि मोबाइलसाठी जेमतेम पन्नासेक युरो उरतात. पहिल्या महिन्यात त्यात अनामत रकमेची भर पडते. कायद्यानुसार ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पण अनेक नवख्या विद्यार्थ्यांना हे ठाऊकच नसते.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे समीकरणही आता सरसकट लागू नाही. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ते बहुधा प्रतिसत्र ४ ते ६ हजार युरो आहे.

मग अर्धवेळ कामावर भागत नाही का?

मार्च २०२४पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मात्र जर्मन जेमतेम येत असेल, तर पहिल्या काही महिन्यांत काम मिळणे कठीण जाते. मिळालेच, तरी अभ्यासाची गणिते बिघडतात. अनेक अभ्यासक्रमांत हजेरी सक्तीची नसते, वर्षभर चाचण्या नसतात आणि परीक्षेसाठी मुदतीत स्वतः नोंदणी करावी लागते. त्यामुळे सुरुवातीला सारे सैल वाटते. पण सत्राच्या शेवटच्या एकाच परीक्षेवर विषयाचा निकाल ठरतो आणि अनेक ठिकाणी प्रयत्नांची संख्या मर्यादित असते. आवश्यक विषयात अखेरचा प्रयत्नही हुकला, तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि निवास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो.

फसवणूक कुठे होते?

टंचाई आली की भामटे येतात. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ हा त्यांचा ठरलेला डाव. घर प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या कुणाकडून पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. काही जण राहायला जागा न देता केवळ नोंदणीसाठी पत्ता विकतात. असा खोटा पत्ता देणे बेकायदा असून त्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. तो घेणाऱ्या विद्यार्थ्याचीही नोंद अडचणीत येते.

याचा मनावर काय परिणाम होतो?

ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तास मागे जाते आणि भारताशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांचे होते. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. घर पक्के नसलेला विद्यार्थी या दिवसांत कधी मित्राच्या खोलीत जमिनीवर, तर कधी तासाभराच्या अंतरावरील गावात दिवस काढतो. घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ असेच सांगतो, कारण त्या ‘ठीक’साठी आई-वडिलांनी कर्ज काढलेले असते. म्युनिकच्या विद्यार्थी कल्याण संस्थेकडे मानसिक आधारासाठी समुपदेशनाची सोय आहे. ती वापरणे कमीपणाचे नाही, हे निघण्यापूर्वीच मुलांच्या कानावर पडायला हवे.

काय करता येईल?

प्रवेशाचा अर्ज करतानाच वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीतही नाव नोंदवावे. म्युनिकबरोबर कमी भाड्याच्या शहरांतील विद्यापीठांचाही विचार व्हावा. ब्लॉक्ड अकाउंटशिवाय निदान तीन महिन्यांचे भाडे आणि अनामत एवढी रक्कम हाताशी असावी. शैक्षणिक सल्लागार संस्था जाहिरातीत किती व्हिसा मिळवून दिले ते सांगतात. पालकांनी त्यांना विचारावे की त्यांतील किती मुलांच्या हाती विमानात बसताना घराचा करार होता. या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नसेल, तर प्रस्थान एक सत्र लांबवण्यात शहाणपण आहे. सहा महिन्यांचा उशीर नंतर भरून निघतो. पण पत्त्याविना गेलेल्या पहिल्या सत्रात हुकलेल्या परीक्षा आणि वाढलेले कर्ज पदवी मिळेपर्यंत पाठ सोडत नाहीत.